घरची शिलाई आणि गोधडी: खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून घरच्या शिलाईबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. गोधडी बिघडते ती बहुतेक वेळा पहिला टाका पडण्याआधीच: कापड निवडताना नाहीतर थर अंथरताना. म्हणून प्रश्न ३ आणि प्रश्न ७ घाईत असलात तरी वाचाच.

१. पहिल्यांदाच गोधडी शिवतेय. सामान काय आणू?

जुनं सुती कापड, लांब आणि मजबूत सुया, सुती दोरा, धारदार कात्री, मापाची टेप, खडू आणि मधल्या बोटात घालायचं अंगुस्तान. अंगुस्तान टाळू नका. चार थरांतून सुई रेटताना दुसऱ्याच दिवशी बोट सोलवटतं आणि काम तिथेच थांबतं. पोती शिवायचा दाभण वापरू नका, त्याची भोकं मोठी पडतात आणि जुनं कापड तिथूनच फाटत जातं. पहिली गोधडी ३ फूट बाय ३ फुटांची करा. हात बसतो, आणि ती बसायला किंवा खाटेवर टाकायला कामी येतेच.

२. एका माणसाच्या गोधडीला किती साड्या लागतात?

५ फूट बाय ७ फूट हे माप धरू. सहावारी साडी सुमारे साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच लांब असते आणि तिचा पन्हा साधारण ४५ इंच. साडीचे ६२-६२ इंचांचे तीन तुकडे निघतात. दोन तुकडे काठाला काठ जोडले की ७ फुटांच्या लांबीचा एक थर होतो. म्हणजे दोन साड्यांत तीन थर, तीन साड्यांत चार थर आणि वर एक तुकडा शिल्लक. प्रत्येक साडीचा उरलेला ३० इंचांचा तुकडा गोटाला (कडेने लावायच्या पट्टीला) आणि ठिगळांना ठेवा. जोड गोधडीच्या मधोमध आडवा येतो. सगळ्या थरांचे जोड एकावर एक आले तर तिथे सुई जाणार नाही, म्हणून प्रत्येक थराचा जोड दोन-अडीच इंच मागे-पुढे सरकवा. आतल्या थरांना जोडशिलाई करायचीही गरज नाही. एक इंच एकमेकांवर चढवून टाचले तरी चालतात.

नऊवारी लुगडं असेल तर सर्वांत सोपा मार्ग आहे. ते सव्वाआठ मीटरच्या आसपास असतं. लांबीत चार घड्या घातल्या की सुमारे पावणेसात फूट लांब आणि साडीच्या पन्ह्याइतकी रुंद अशी चारपदरी गोधडी न कापता, न जोडता तयार होते. रुंदी मात्र पावणेचार फूटच मिळते. एका माणसाच्या खाटेला ती पुरते.

३. जुनी साडी गोधडीला चालेल की नाही, कसं ओळखू?

दोन्ही अंगठे कापडावर शेजारी-शेजारी ठेवा आणि बाहेरच्या बाजूला ताणा. उभ्या धाग्यात एकदा, आडव्या धाग्यात एकदा. चर्रकन आवाज आला किंवा धागे विरळ झाले तर ते कापड वरच्या-खालच्या थराला घेऊ नका, आत भरायला घ्या. साडीचा निऱ्यांचा आणि बसण्याचा भाग आधी विरतो, पदर आणि पोटातला भाग बराच टिकतो. त्यामुळे अख्खी साडी बाद करण्यापेक्षा विरलेला भाग कापून काढा. जरीचा काठ उसवून टाका. जर टोचते आणि धुतल्यावर आकसून काठाला चुण्या पाडते. फॉलसुद्धा काढा, तो बहुधा सिंथेटिक असतो.

४. सुती म्हणून घेतलं, पण खरंच सुती आहे का?

काठाजवळचे चार-पाच धागे ओढून काढा, स्टीलच्या ताटलीत ठेवून काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचा येतो आणि राख बोटाने चुरली जाते. पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. रेशीम जळक्या केसांसारखा वास देतं. रेयॉनही सुतासारखाच जळतो, त्यामुळे त्याला ही परीक्षा पुरत नाही. ओलं केल्यावर तो सहज फाटतो, त्यावरून ओळखा. टेरिकॉटमध्ये राख आणि गोळी दोन्ही सापडतात.

सुती आणि सिंथेटिक एका गोधडीत मिसळू नका. सुती थर धुण्यात आकसतो, सिंथेटिक आकसत नाही, आणि सगळ्या गोधडीला कायमच्या सुरकुत्या पडतात. शिवाय भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. सिंथेटिक थरात घाम जिरत नाही, अंगाला चिकटतो.

५. नवीन कापड आधी धुवायलाच हवं का?

हो. नवीन सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आकसू शकतं. ७ फुटांवर पाच टक्के म्हणजे चार इंच. मांजरपाटात खळ असते, तो रात्रभर साध्या पाण्यात भिजवून दोनदा खळखळून धुवा. खळ राहिली तर सुई अडते आणि पुढे कसर लागते (प्रश्न २५).

रंगाची परीक्षा: ओला पांढरा रुमाल कापडावर जोरात घासा. रुमालाला रंग लागला तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत कापड वेगळं धुवा. मीठ, तुरटी, व्हिनेगर घालून आजकालच्या कापडांचा रंग पक्का होत नाही. चार-पाच धुण्यांनंतरही लाल किंवा निळा रंग सुटतच असेल तर ते कापड पांढऱ्याशेजारी लावू नका.

६. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेक माहेरी येते, तिला हलकी गोधडी द्यायचीय. आणि थंडीसाठी वेगळी हवी. थर किती घालू?

उन्हाळ्यात गच्चीवर किंवा अंगणात पहाटेच्या गारव्याला दोन थर पुरे, फार तर तीन. ओळी दोन इंच अंतरावर घेतल्या तरी चालतं. धुळ्याकडे जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, तोरणमाळला तर कडाका असतो. तिथे पाच ते सात थर लागतात. सात मऊ, जुन्या थरांतून हाताची सुई जाते. सात नव्या थरांतून जात नाही. थंडीच्या गोधडीत फक्त वरचा आणि खालचा थर नवा ठेवा, मधले सगळे जुने.

एका सुती साडीचं वजन साधारण अर्धा ते पाऊण किलो धरा. चार साड्यांची गोधडी दोन ते तीन किलोंची होते आणि ओली झाल्यावर एकटीला उचलवत नाही. घरात वयस्कर माणूस धुणं करत असेल तर एक जाड गोधडी करण्यापेक्षा दोन पातळ करा. दोन पातळ गोधड्यांच्या मध्ये हवा अडकते, ऊबही चांगली मिळते.

७. थर अंथरून टाचायची बरोबर पद्धत कोणती? माझे थर नेहमी सरकतात.

सगळ्या कामातली ही सर्वांत मोलाची पायरी आहे आणि हीच सर्वांत जास्त वेळा उरकली जाते. सगळ्या कापडांना आधी इस्त्री करा. फरशी ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. फरशीवर काम करण्याचा एक फायदा असा की फरशीच्या सांध्यांची सरळ रेघ आयती मिळते. खालच्या थराची कड त्या रेघेला लावली की काटकोन आपोआप साधतो.

खालचा थर उलट बाजू वर करून पसरा. तो चारही बाजूंनी दोन-दोन इंच मोठा ठेवा. चार कोपऱ्यांवर जड पितळी डबे किंवा वरवंटा ठेवा. कापड सपाट हवं, ताणलेलं नको. ताणून शिवलं तर सोडल्यावर ते आकसतं आणि वरचा थर ढिला पडतो. मग एकेक थर ठेवत जा आणि प्रत्येक थर हाताच्या तळव्याने मधून कडेला सारत सपाट करा. कडेकडून मध्ये कधीच सारू नका.

आता टाचणं. सुरुवात मधोमध. आधी मधून उभी एक ओळ, मग आडवी एक ओळ, मग दोन तिरप्या. त्यानंतर प्रत्येक वीतभर अंतरावर उभ्या-आडव्या ओळी. टाके तीन-चार इंच लांब, दोरा वेगळ्या रंगाचा, म्हणजे नंतर उसवताना दिसतो. सेफ्टी पिना वापरायच्या तर सहा इंचांवर एक धरा. ५ बाय ७ फुटांना सुमारे १४० पिना लागतील. पिना गंजलेल्या नकोत, पावसाळ्यात दोन दिवसांत डाग उतरतो.

टाचायला दुपार गेली तरी जाऊ द्या. नीट टाचलेली गोधडी मांडीवर कशीही फिरवली, महिनाभर घडी करून ठेवली, तरी सरकत नाही.

८. सरळ ओळी येण्यासाठी खुणा कशाने करू?

झिजून पातळ झालेली अंगाच्या साबणाची वडी वाळवा. तिची कड गडद कापडावर सुंदर पांढरी रेघ ओढते आणि धुण्यात जाते. फिक्या कापडावर निळा शिंप्याचा खडू. लांब रेघेसाठी दोरा खडूच्या पुडीत घोळवून दोघींनी दोन टोकांना ताणून धरायचा आणि मधून उचलून सोडायचा. बॉलपेन नको, त्याची शाई पुढे पसरते. हळदही नको, साबण लागला की लाल होते आणि पिवळा डाग राहतो तो राहतोच.

९. दोरा कोणता आणि किती आणू? मध्येच संपतो आणि तोच रंग मिळत नाही.

जुन्या सुती कापडाला सुती दोरा. पॉलिस्टरचा चिवट दोरा स्वतः तुटत नाही, पण ताण आला की टाक्याच्या भोकाशी कापड तुटतं.

हिशोब असा: गोधडीची लांबी गुणिले रुंदी, भागिले दोन ओळींमधलं अंतर, सगळं इंचांत. ६० गुणिले ८४ म्हणजे ५०४०. ओळी एक-एक इंचावर असतील तर ५०४० इंच, म्हणजे १२८ मीटर ओळ शिवायची आहे. टाक्याच्या वर-खाली जाण्याने आणि गाठींनी पाव भाग जास्त धरा: १६० मीटर. दोरा दुपदरी वापरणार असाल तर ३२० मीटर. ओळी दीड इंचावर घेतल्या तर हेच आकडे साधारण १०५ आणि २१० मीटर होतात.

भरतकामाच्या सहापदरी दोऱ्याची लडी बहुधा ८ मीटरची असते. तीन-तीन पदर वेगळे केले की एका लडीतून १६ मीटर मिळतात. म्हणजे १० लड्या, तुटफूट धरून १२. सगळ्या एकदम, एकाच नंबरच्या घ्या.

१०. डोळ्यांना दिसत नाही, सुई ओवताना वेळ जातो. दोऱ्याला गाठीही पडतात.

दोरा तिरपा कापा. तो ओला करण्यापेक्षा सुईचं नाकं ओलं करा, पाणी दोरा आत ओढून घेतं. सुईच्या मागे पांढरा कागद धरा. सर्वांत उपयोगी युक्ती: सकाळच्या उजेडात रिळाच्या दोऱ्यात एकदम दहा-बारा सुया ओवून ठेवा. काम करताना पहिली सुई आणि हवा तितका दोरा ओढून कापायचा, बाकीच्या सुया रिळावरच राहतात.

गाठी पडतात त्या दोऱ्याच्या पिळामुळे. रिळावरून जे टोक आधी सुटतं तेच सुईत घाला आणि गाठ दुसऱ्या, कापलेल्या टोकाला मारा. दोरा मेणावरून एकदा ओढून घ्या. लांबी ३० इंचांपेक्षा जास्त नको. लांब दोऱ्याने ओवण्याचा वेळ वाचतो, पण गुंता सोडवण्यात दुप्पट जातो.

११. धावदोऱ्याचा टाका केवढा असावा? आणि गाठ दिसू नये म्हणून काय करू?

तीन थरांपर्यंत इंचात चार टाके, त्याहून जाड गोधडीला इंचात तीन. टाका लहान असण्यापेक्षा सारखा असणं महत्त्वाचं. अंगठ्याच्या नखाची रुंदी मापाला धरली तर तासाभरात हाताला लय सापडते. सुईवर एकदम तीन-चार टाके घ्या आणि मग दोरा ओढा. मागची बाजू अधूनमधून पाहा. सुई खालच्या थरापर्यंत गेलीच नाही, असं वरून कळत नाही.

गाठीसाठी: सुई ओळीच्या सुरुवातीपासून एक इंच दूर, फक्त वरच्या थरातून आत घाला आणि ओळीवर बाहेर काढा. दोरा हलका झटका देऊन ओढा. गाठ टपकन आत जाते आणि थरांमध्ये लपते. शेवटी दोन उलटे टाके घ्या, सुई थरांमधून इंचभर फिरवून बाहेर काढा आणि दोरा कापडालगत कापा.

मे महिन्याच्या घामाने सुई हाताला चिकटत असेल तर बोटांना टाल्कम पावडर लावा, सुई कोरड्या साबणात दोनदा खुपसा.

१२. कडेने गोल गोल शिवत मध्ये आले, तर मधोमध फुगा आला. आता काय?

आपल्याकडची चौकोनी फेऱ्यांची पद्धत दिसायला देखणी आहे, पण प्रत्येक फेरी थोडं कापड आत ढकलते आणि ते सगळं मध्ये साठतं. फुगा लहान असेल तर शेवटच्या पाच-सहा फेऱ्या उसवा, जास्तीचं कापड सगळीकडे वाटून मधल्या भागात टाके जवळजवळ घ्या. धुतल्यावर बाकीचं बसून जातं. फुगा मुठीएवढा असेल तर वरच्या थराला छोटी चूण घालून त्यावर चौकोनी ठिगळ लावा. तेच गोधडीचं मधलं फूल होतं.

पुढच्या वेळी मधून कडेकडे शिवा. कडेनेच सुरू करायचं असेल तर टाचणं प्रश्न ७ प्रमाणे पक्कं हवं.

१३. ओटीत आलेले ब्लाउज पीस साठलेत. त्यांची गोधडी होईल?

होईल, पण आधी प्रश्न ४ ची परीक्षा करून वेगळे करा. ओटीतले बरेच पीस पॉलिस्टर मिसळलेले असतात. टू बाय टू नावाच्या ब्लाउजच्या कापडाचे चांगले सुती पीस मिळाले तर ते वरच्या थराला उत्तम.

साडेसहा इंचांचे चौकोन कापा. पाव इंच माया (शिवणीच्या आत जाणारी कड) चारही बाजूंनी गेली की सहा इंच उरतात. ५ बाय ७ फुटांना आडवे १० आणि उभे १४, असे १४० चौकोन लागतात. ८० सेंटिमीटरच्या पिसातून २० चौकोन निश्चिंत निघतात, म्हणजे सात पीस. कापण्यात चूक होते म्हणून आठ घ्या. पुठ्ठ्याचा साचा करा आणि त्याच एका साच्याने सगळे कापा. आधीच्या तुकड्यावर दुसरा ठेवून कापलं तर माप हळूहळू वाढत जातं.

मायेचं माप काटेकोर हवं. एका जोडात फक्त एक मिलिमीटर जास्त माया गेली तर दोन्ही तुकड्यांचे मिळून दोन मिलिमीटर जातात. उभ्या १३ जोडांत ते २६ मिलिमीटर, म्हणजे इंचभर होतं, आणि शेजारच्या ओळीचे कोपरे जुळत नाहीत. मशीनच्या पट्टीवर सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला धरून चालवा. माया नेहमी गडद रंगाच्या बाजूला दाबून इस्त्री करा.

१४. गोट लावायला पट्टी सरळ कापू की उरेब (तिरपी)? किती लागेल?

कड सरळ असेल तर सरळ पट्टी पुरते. गोल कोपऱ्यांनाच उरेब लागते. ५ बाय ७ फुटांचा घेर २८८ इंच, कोपरे आणि जोड धरून ३०० इंच. ४४ इंच पन्ह्यातून अडीच इंचांच्या आठ पट्ट्या, म्हणजे ६० सेंटिमीटर कापड घ्या. पट्ट्या तिरप्या जोडा, सरळ जोडल्या तर जोडाशी गाठोडं होतं.

पट्टी लांबीत दुमडून इस्त्री करा. तिच्या उघड्या कडा गोधडीच्या कडेला लावून पाऊण सेंटिमीटरपेक्षा थोडं जास्त अंतर ठेवून टीप मारा, मग मागे वळवून हाताने हेमिंग करा. कोपऱ्यावर तितकंच अंतर आधी थांबा, उलट टीप मारून दोरा तोडा. पट्टी आधी वर, काटकोनात दुमडा, मग खाली, पुढच्या बाजूला. घडी कडेला बरोबर लागली की पुन्हा टीप सुरू करा.

वेळ नसेल तर खालचा थर जो दोन इंच मोठा ठेवला होता, तोच वर दुमडून शिवा. चालतं, पण कड सर्वांत आधी झिजते आणि स्वतंत्र गोट बदलता येतो.

१५. साध्या पायमशीनवर गोधडी शिवता येते का?

तीन-चार मऊ थर येतात. पाचाच्या पुढे मशीनवर ताण पडतो. १६ नंबरची सुई लावा, टाका मोठा करा: इंचात सात-आठ. मशीनच्या पायाचा (कापड दाबून धरणाऱ्या पट्टीचा) दाब वरच्या स्क्रूने थोडा कमी करा. मशीनचे दाते फक्त खालचं कापड ओढतात आणि वरचा पाय वरचं कापड मागे रेटतो, म्हणून थर सरकतात. उपाय दोन: भरपूर टाचणं, आणि सगळ्या ओळी एकाच दिशेने शिवणं. एक ओळ वरून खाली आणि शेजारची खालून वर केली तर मधल्या पट्ट्यात तिरप्या चुण्या पडतात.

मधल्या ओळीपासून सुरू करा. उजवीकडचा भाग गुंडाळून कपड्यांच्या चिमट्यांनी धरा, म्हणजे तो मशीनच्या हाताखालून जातो. डावीकडे खुर्ची ठेवून गोधडीचा भार तिच्यावर द्या. भार लोंबकळला की टाके लहान-मोठे होतात आणि सुई वाकते. वीज गेली तरी पायमशीन चालू राहतं, ही सोय विसरण्यासारखी नाही.

१६. कापडाच्या खाली दोऱ्याचं जाळं होतं. बॉबिन बिघडली का?

जाळं खाली दिसलं तरी दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. मशीनचा पाय वर उचला, वरचा दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा. पाय खाली असताना ओवलं तर टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये बसत नाही. तरीही जाळं राहिलं तर वरचं टेन्शन थोडं घट्ट करा.

बॉबिन तपासायची तर केसमध्ये बसवून नुसत्या दोऱ्याला धरून लोंबकळत ठेवा. ती तशीच थांबली पाहिजे आणि हाताला हलका झटका दिल्यावर दोन-तीन इंच खाली आली पाहिजे. भराभर घसरली तर केसचा छोटा स्क्रू पाव फेरा घट्ट करा, हललीच नाही तर पाव फेरा सैल. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त कधीच नाही.

१७. सुई मोडते, टाके सुटतात.

सुई सपाट काचेवर ठेवून पाहा. वाकलेली असेल तर टाका सुटणारच. सात-आठ तासांच्या शिलाईनंतर सुई बदला, ती स्वस्त आहे. नवी सुई पूर्ण वर सरकवून घट्ट करा. तिच्या एका अंगाला लांब खोबण असते, दोरा त्याच अंगाने ओवायचा. उलट बसवली तर एकही टाका पडत नाही. सुई मोडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे शिवताना कापड हाताने मागून ओढणं. कापड दात्यांना नेऊ द्या. जोडावर आलात की पायाने चालवणं थांबवून चाक हाताने फिरवा.

१८. मशीनला खोबरेल चालतं का?

नाही. खाण्याचं कोणतंही तेल थोड्या दिवसांत चिकट होतं, त्यात धूळ बसते आणि मशीन जड चालतं. फक्त मशीनचं तेल, प्रत्येक छिद्रात एक थेंब. त्याआधी शटलखालचा कापसाचा लगदा ब्रशने काढा. गोधडी शिवल्यावर तो हमखास साठतो. तेलानंतर चिंधीवर दोन मिनिटं टीप मारा, नाहीतर पहिला डाग चांगल्या कापडाला पडतो. चामडी पट्टा ढिला होऊन घसरत असेल तर पाव इंच कापून पुन्हा जोडा.

१९. जीन्सची पॅन्ट आखूड करताना जोडावर मशीन अडतं.

जोड फरशीवर ठेवून हातोडीने ठोका, सपाट होतो. त्यावर कोरडा साबण किंवा मेणबत्ती घासा. १६ किंवा १८ नंबरची सुई. पाय जोडावर चढताना तिरका होतो म्हणून टाका अडतो. पायाच्या मागच्या बाजूखाली तेवढ्याच जाडीची पुठ्ठ्याची घडी सरकवा, पाय सपाट राहतो.

२०. जॉर्जेट सुळसुळतं, आणि कापूस वेचून बोटं खरखरीत झाल्याने धागे ओढले जातात.

कापडाला तांदळाच्या पेजेची पातळ खळ द्या, वाळल्यावर ते कागदासारखं शिवतं. धुतलं की खळ जाते. मशीनवर ९ किंवा ११ नंबरची सुई, कापडाखाली कोऱ्या पातळ कागदाची पट्टी. वर्तमानपत्र नको, शाई लागते. बोटांसाठी चमचाभर साखर आणि थोडं तेल तळहातावर दोन मिनिटं चोळून हात साबणाने धुवा, पूर्ण कोरडे झाल्यावरच कापडाला लावा.

२१. घरच्या शेतातला कापूस गोधडीत भरू का?

सरकी काढल्याशिवाय नाही. सरकी चुरडली की तेलाचा डाग वरपर्यंत येतो. जिनिंग झालेली रुई पिंजून, एकसारखा थर करून भरली तर ती रजई होते आणि तिचे नियम वेगळे आहेत. टाक्यांच्या ओळींमधलं अंतर तीन-चार इंचांपेक्षा जास्त ठेवलं तर पहिल्याच धुण्यात रुईचे गोळे होतात. जवळ ओळी घेऊनही ती वारंवार धुण्यासाठी नसते. रोजच्या वापराला कापडी थरांचीच गोधडी बरी.

२२. बाळाच्या गोधडीत वेगळं काय?

३ बाय ३ फूट, दोन किंवा तीन थर, सगळं जुनं, मऊ, सुती. टिकल्या, मणी, लेस, गोंडे नकोत. गाठी आत लपवलेल्या (प्रश्न ११), टाके लहान, म्हणजे इवली बोटं दोऱ्यात अडकत नाहीत. शेवटी सेफ्टी पिना मोजून काढा; जितक्या लावल्या तितक्याच परत आल्या पाहिजेत. वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना गोधडी त्याच्या अंगावर सैल टाकू नका, तोंडावर येण्याचा धोका असतो. मांडीवर, मालिशीला, खेळायला ती खाली अंथरण्यासाठी आहे.

२३. आजीचं लुगडं पार विरलंय, पण ते गोधडीत दिसायलाच हवं. प्रश्न ३ प्रमाणे ते बाद ठरतं.

त्याला अपवाद करता येतो. लुगड्याचा तुकडा धुतलेल्या मांजरपाटावर पसरा, दर इंचाला बारीक धावदोऱ्याने दोन्ही एक करा आणि मग तो एकच तुकडा समजून वापरा. ताण मांजरपाट सोसतो. हाताच्या स्पर्शानेही फाटत असेल तर त्यावर पांढऱ्या मलमलीचा एक थर द्या. रंग आणि काठ आतून दिसत राहतात, झीज मलमल सोसते. असा तुकडा मध्यभागी ठेवा. वरची कड तोंडाजवळ सतत ओढली जाते आणि पायाकडची रगडली जाते. मूळ काठ अजून मजबूत असेल तर तो उसवून गोटाला वापरा, बहुतेक लुगड्यांत काठच सर्वांत शेवटपर्यंत टिकतो.

२४. गोधडी धुवायची कशी? मशीनमध्ये चालेल?

टाचणाचे टाके आणि पिना काढल्यानंतरच. गार पाण्यात वीस मिनिटं भिजवा, तासन्‌तास नको. सात किलोंच्या मशीनमध्ये दोन-अडीच किलोंची गोधडी एकटीच घाला. बोअरच्या जड पाण्यात साबण धाग्यात अडकतो आणि कापड कडक होतं. एकदा जास्त खळबळा.

वाळत घालताना एका दोरीवर टाकू नका. सगळा भार एका रेघेवर येतो आणि तिथले टाके तुटतात. दोन दोऱ्यांवर पसरा किंवा बाजेवर उलटी टाका. उन्हाळ्याच्या उन्हात ती दुपारपर्यंत वाळते, पण रंगाची बाजू वर राहिली तर विटते.

२५. पेटीत ठेवलेल्या गोधडीला कसर लागली.

कसर खळीवर आणि मळावर येते. म्हणून खळ दिलेली, न धुतलेली किंवा जराही दमट गोधडी पेटीत जाऊ नये. पावसाळ्याआधी मेमध्ये आणि पुन्हा दिवाळीनंतर अशी वर्षातून दोनदा कडक ऊन दाखवा, घरात आणून गार झाल्यावर घडी करा. घडी दरवेळी वेगळ्या रेघेवर घाला. वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याची पुरचुंडी मध्ये ठेवा. पाला सुटा टाकला तर डाग पडतो. डांबराच्या गोळ्या बाळाच्या कपड्यांत आणि गोधडीत अजिबात नकोत, त्यांची वाफ तान्ह्या बाळाला धोक्याची ठरू शकते.

२६. वरचा थर फाटला. उसवून पुन्हा करू का?

उसवू नका. जुने थर टाक्यांनीच एकत्र धरलेले असतात. एक-दोन जागी फाटली असेल तर फाटक्या भागापेक्षा चारही बाजूंनी दीड इंच मोठं ठिगळ, कडा आत दुमडून, जुन्या ओळींच्याच दिशेने शिवा. सगळीकडे फाटली असेल तर अख्ख्या गोधडीवर दोन्ही बाजूंनी नवीन पातळ थर घाला आणि तीन इंचांवर ओळी घ्या. जुनी गोधडी आतली भर होते.

२७. आम्ही दोघी जावा मिळून शिवतो. दोघींचे टाके वेगळे दिसतात.

एकाच ओळीत दोघींचा हात नको. फेऱ्यांनी शिवत असाल तर एक पूर्ण फेरी एकीने, पुढची दुसरीने. मग फरक दोष न दिसता नक्षीसारखा दिसतो. दोघी समोरासमोर बसा, बाजूबाजूला नाही, आणि दोघींनी सुया एकाच पाकिटातल्या घ्या. जिचा हात घट्ट आहे तिने प्रत्येक वीतभर ओळीनंतर कापड दोन्ही हातांनी हलकेच ताणून मग पुढे जावं, म्हणजे त्या ओळीला चुण्या राहत नाहीत.